जर्मनीतल्या होफजवळचं एक गाव

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे घरमालक मला म्योडलारॉइटला घेऊन गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा पेपर होता. म्हणून त्या संध्याकाळी मी फार बोललो नाही. पण तुझ्या होफपासून इतक्या जवळचं गाव तू अजून पाहिलेलं नाहीस, हे मला पटत नाही.

गाव कसलं, वाडीच ती. पन्नासच्या आतबाहेर वस्ती, उतरत्या छपरांची घरं, सभोवार चढउताराची शेतं. मधून टान्नबाख नावाचा ओढा जातो. लांब ढांग टाकली की माणूस पलीकडे. १८१० मध्ये इथे हद्द ठरली. ओढ्याच्या एका अंगाला बव्हेरियाचं राज्य, दुसऱ्या अंगाला रॉयसचं संस्थान. तेव्हाचे दगड अजून आहेत, 'के बी' आणि 'एफ आर' अशी त्या दोन राज्यांची जर्मन आद्याक्षरं कोरलेले. भूमी अभिलेखात जन्म गेला माझा. मी आधी दगड पाहिले, भिंत नंतर. घरमालकांना गंमत वाटली.

त्या दगडांचा गावाला काही जाच नव्हता. शाळा आणि खानावळ थुरिंगियाकडच्या, म्हणजे पूर्वीच्या रॉयसच्या भागात, चर्चला जायचं ते बव्हेरियातल्या ट्योपेनला. महायुद्ध संपल्यावर मात्र हीच रेघ अमेरिकन आणि रशियन ताब्यातल्या मुलखांमधली सीमा झाली आणि १९४९ मध्ये दोन देशांमधली. १९५२ मध्ये पूर्व जर्मनीनं ती बंद केली. आधी फळ्यांचं कुंपण, मग काटेरी तार, आणि १९६६ मध्ये थेट काँक्रीटची भिंत, ७०० मीटर लांब. एवढ्याशा गावाला! अमेरिकन सैनिक त्याला 'छोटं बर्लिन' म्हणत. १९८३ मध्ये थोरले बुश उपराष्ट्राध्यक्ष असताना पाहून गेले.

पश्चिमेकडून लोक मुद्दाम बघायला येत, हात हलवत. पूर्वेकडच्या गावकऱ्यांना उलट हात हलवायलाही बंदी होती. समोर सख्खा चुलत भाऊ उभा असला तरी! मला भिंतीपेक्षा हे जास्त लागलं. १९७३ मध्ये एका पठ्ठ्यानं मात्र गाडी भिंतीशी नेली, शिडी लावली आणि उडी टाकली.

बर्लिनची भिंत उघडल्यावर महिन्यानं, ९ डिसेंबर १९८९ ला, इथे पायी जाण्यापुरती वाट झाली. १७ जून १९९० ला यंत्रानं भिंत पाडली; एक तुकडा राखून तिथे संग्रहालय केलं आहे. टेहळणीचा मनोराही आहे.

हद्द मात्र गेलेली नाही. अर्धं गाव आजही बव्हेरियात, अर्धं थुरिंगियात. दोन महापौर, दोन पिनकोड, गाड्यांच्या पाट्या वेगळ्या. नमस्कार म्हणून बव्हेरियाकडचे 'ग्रूस गॉट' म्हणतात, थुरिंगियाकडचे 'गुटन टाग'. कुणाचं काही अडत नाही. उभ्या नोकरीत बांधावरून डोकी फुटलेली मी पाहिली, पण हद्दीच्या दगडाचा दोष कधी नव्हता. दगड तिथेही १८१० पासून गुमान उभेच होते.

परीक्षा संपली की जाऊन ये. संग्रहालयातले रणगाडे-बिगाडे घाईत पाहिलेस तरी चालेल. 'के बी'वाल्या दगडाचा फोटो मात्र नीट काढून पाठव, माझ्या मोबाइलमधला हलला आहे. आईनं मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी कुरियरनं पाठवली आहे. पोचली की तिला फोन कर.

तुझा,
बाबा