शिष्यवृत्ती कामाआधी द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

राजारामपुरीत माझी खानावळ आहे. पत्रकारिता शिकणारी पोरं-पोरी माझ्याकडे जेवायला असतात. कुणाला गगनबावड्याकडच्या वाड्यांवर जायचं असतं, कुणाला शिरोळात ऊसतोड मजुरांच्या खोपटांत चार दिवस राहायचं असतं. महिनाअखेर आली की एसटीच्या भाड्यावर गाडी अडते. मग गावातल्याच एखाद्या सत्काराची बातमी करून ती वर्गात दिली जाते.

अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी गेले. शिकले डॉक्टरकी, राहिले पुण्यात, पण आपल्या शेजारच्या निपाणीत तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांवर त्यांनी लिहिलं. माझी आई तिथल्याच एका वखारीत होती. घरी आली तरी खोकत असायची, लुगड्याचा वास धुतला तरी जायचा नाही. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. हे छापण्याजोगं आहे, हे मला त्यांचं लिहिणं वाचल्यावर समजलं. त्यांच्या नावाने कोल्हापुरात विद्यार्थी पत्रकारांसाठी शिष्यवृत्ती सुरू व्हावी, अशी माझी सूचना आहे.

मात्र ती नेहमीच्या पद्धतीची नको. आधी गुणपत्रक आणि उत्पन्नाचा दाखला, मग वर्ष संपता संपता शाहू स्मारकमध्ये शाल-श्रीफळ, पाच पाहुण्यांची भाषणं आणि शेवटी पाकीट. तोवर ज्या बातमीसाठी पैसे हवे होते ती बातमी शिळी झालेली असते. ‘मूकनायक’ निघाला ३१ जानेवारी १९२० ला, आणि त्यासाठी शाहू महाराजांनी बाबासाहेबांना २,५०० रुपये दिले होते. काम उभं राहावं म्हणून दिलेले पैसे होते ते. आज तेवढ्यात माझ्याकडे एका पोराचा महिन्याचा दोन वेळचा डबा होतो, एवढंच!

तेव्हा गुण विचारू नका. कुठे जाणार, कुणाला भेटणार, हे एका पानावर लिहून घ्या आणि दर महिन्याला पैसे हातात द्या. पुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे सगळेच छापतात. पाणी उतरल्यावर चिखली-आंबेवाडीच्या ओल्या घरांत पुन्हा पुन्हा जायला रोजच्या बातमीदाराला सवड नसते. विद्यार्थ्याला असते. अट एकच घाला: ज्यांच्यावर लिहिलं, त्यांना ते वाचून दाखवायचं. माझ्या आईला वाचता येत नव्हतं, म्हणून हे सुचलं.

पैसे साखर कारखान्यांकडून किंवा दूध संघांकडून घेऊ नयेत. ते देतीलही, पण उद्या त्यांच्याच दारातली बातमी करायची वेळ आली तर त्या पोराने काय करायचं? आपल्या वाचकांकडून शंभर-दोनशे रुपये जमवावेत आणि कुणी किती दिले ते पेपरात छापावं.

पहिल्या विद्यार्थ्याचा किंवा विद्यार्थिनीचा सहा महिन्यांचा डबा माझ्याकडून. बुधवार-रविवारचं मटण त्यातच धरलेलं आहे.

आपली,
एक खानावळवाली, राजारामपुरी, कोल्हापूर