वाफसा येईपर्यंत थांबायला शिकवणाऱ्या काकांस

काका,

सप्रेम नमस्कार.

परसबागेत हिवाळी भाज्यांची तयारी करताना तुम्ही जी मदत केलीत, तिचे आभार मानायला आले की तुम्ही ‘अगं, त्यात काय एवढं’ म्हणून विषयच बदलता. म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहायलाही कारण आहे. तुम्ही मला जे सांगितलंत ते परसबाग करणाऱ्या कुणाच्याही उपयोगाचं आहे. ते माझ्या कुंपणाआड अडकून राहावं असं मला वाटत नाही.

सगळ्यात आधी एका गोष्टीबद्दल आभार. माझ्या हातातली कुदळ तुम्ही एकदाही काढून घेतली नाहीत. वाफे तुम्ही खणले असते तर काम केव्हाच उरकलं असतं. पण तुम्ही कडेला उभे राहिलात, कारणं सांगत राहिलात आणि माती मला माझ्या हातानं चाचपायला लावलीत. ‘हे असंच करायचं’ एवढंच सांगून जाणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही प्रत्येक वेळी का ते सांगितलंत, त्यामुळे परिस्थिती थोडी बदलली तरी काय करायचं हे आता माझं मला ठरवता येतं.

सुरुवात तुम्ही वाफशापासून केलीत, म्हणजे माती ना चिकट ना कोरडी, खणण्याजोगी होण्यापासून. पाऊस संपल्यावर जमीन वरून सुकलेली दिसते, आत मात्र चिकट असते. वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्यायची, दाबून गोळा करायचा आणि अंगठ्यानं हलकेच टोचायचं. गोळा फुटून माती मोकळी झाली तर खणायला हरकत नाही. नुसता अंगठ्याचा खळगा पडला आणि माती चकाकली तर अजून थांबायचं. गोळाच होत नसेल तर पाणी देऊन मग एकदोन दिवसांनी पुन्हा बघायचं. ओल्या चिकट मातीत कुदळ मारली की कणांमधली पोकळी दबते आणि सुकल्यावर जी ढेकळं होतात ती हंगामभर फुटत नाहीत. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते हे मी वाचलेलं होतं. तुम्ही दाबलेली आणि मोकळी अशी दोन ढेकळं शेजारी ठेवून दोन्हींवर पाणी सोडलंत, तेव्हा ते मनापासून पटलं. बियांची पाकिटं हातात असताना ‘थांब’ म्हणणारं माणूस जवळ असणं फार मोलाचं असतं, काका.

मग माती कशी आहे ते बघायला बरणी. एक तृतीयांश माती, वर पाणी, खूप हलवून ठेवून द्यायची. वाळू मिनिटाभरात तळाला बसली, गाळ काही तासांत, आणि चिकणमाती खाली बसायला दुसरा दिवस उजाडला. तोच थर सगळ्यात जाड निघाला, म्हणून गादीवाफे करायचं ठरलं. उंची 15 ते 20 सेंटिमीटर, रुंदी मीटरभर, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही. माती मोकळी व्हावी म्हणून वाळू मिसळू का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत की चिकणमातीत थोडीथोडकी वाळू घातली तर ती उलट आणखी घट्ट बसू शकते. तिला मोकळं करतं ते कुजलेलं खत. हे फार कमी लोक सांगतात.

जुन्या पिकांची साफसफाई म्हणजे नुसतं उपटून टाकणं, असा सर्वसाधारण समज असतो. मला तर सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते याच कामात. चवळीचे वेल तुम्ही उपटू दिले नाहीत, जमिनीलगत कापायला लावलेत. एकच वेल मुळासकट काढून त्यावरच्या गाठी दाखवल्यात. नखानं खरवडली की सहज सुटणारी आणि फोडल्यावर आत गुलाबी निघणारी गाठ ही रायझोबियम जिवाणूंची. हे जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात. मुळं मातीतच कुजली की त्यातला काही वाटा पुढच्या पिकाच्या पदरात पडतो. मग तुम्ही भेंडीचं एक रोप उपटलंत. त्याच्या मुळांवरही गाठी होत्या, पण त्या सुटेनात. मूळच सुजून वेडंवाकडं झालेलं. ही सूत्रकृमींची, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींची करणी. दोन्ही मुळं शेजारी शेजारी तळहातावर ठेवून तुम्ही म्हणालात, ‘एक ठेवायचं, एक घालवायचं, आणि फरक नीट बघून घे.’ एवढ्या बारकाईनं माझ्याकडून कुणी कधी बघून घेतलं नव्हतं.

त्या भेंडीच्या वाफ्यात गाजर घ्यायचा बेत तिथेच रद्द झाला, कारण सूत्रकृमी लागले की गाजराला फाटे फुटतात. तिथे आता झेंडू आहे. झेंडूच्या मुळांतली द्रव्यं काही प्रकारच्या सूत्रकृमींना आवर घालतात, मात्र कडेला दोन रोपं लावून भागत नाही, वाफा भरून लावावा लागतो, हेही तुमचंच. करपा पडलेली टोमॅटोची झाडं आणि भुरी आलेले काकडीचे वेल तुम्ही कंपोस्टपासून लांब ठेवायला लावलेत. ढीग आतून 55 अंश सेल्सिअसच्या वर तापला आणि तसा काही दिवस टिकला तर रोगाचे बहुतेक जंतू मरतात, पण घरच्या लहानशा ढिगात तेवढी उष्णता टिकेलच याची खात्री नसते.

तणांबद्दल थोडक्यात, कारण त्यात मेहनतच जास्त. लव्हाळा वरून खुरपला तर जमिनीखालच्या गाठींतून पुन्हा उगवतो, म्हणून गाठीपर्यंत खणून काढायचा. हरळीच्या काडीचा छोटा तुकडाही नवीन मूळ धरतो, म्हणून तिथे कुदळीनं तुकडे न करता काडीचा माग काढत अख्खी ओढायची. वाफे तयार झाल्यावर तुम्ही नुसतं पाणी द्यायला सांगितलंत आणि आठवडाभर काही पेरू दिलं नाहीत. वरच्या थरातलं तणाचं बी उगवून आलं, ते खुरप्यानं वरवर खरवडून काढलं, खोल न खणता, नाहीतर खालचं बी वर येतं. त्यानंतर पेरलेल्या मेथीत निंदणी अशी जवळजवळ करावीच लागली नाही.

खताच्या बाबतीत तुम्ही कडक होतात. शेणखत हातात घेऊन वास घ्यायला लावलात. उग्र वास येत असेल, आत ऊब असेल, तर ते अजून कच्चं. कच्च्या खतातल्या अमोनियानं कोवळी मुळं भाजतात, त्यातून तणाचं बी येतं आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांवर रोगजंतू येण्याचा धोका असतो. मातकट वास येणारं, बोटांत भुगा होणारं खतच तुम्ही वाफ्यावर घालू दिलंत, साधारण 5 सेंटिमीटरचा थर, वरच्या मातीत हलक्या हातानं मिसळून. गाजर-मुळ्याच्या वाफ्यात त्याहून कमी. तिथे खडे वेचायला आणि माती खोलवर भुसभुशीत करायला जास्त वेळ गेला, कारण वाढत्या मुळाला वाटेत काही आडवं आलं की ते दुभंगतं.

उन्हाचा विचार मात्र मी एकटीनं केला असता असं मला वाटत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, भिंतीची सावली लांबत जाते आणि 22 डिसेंबरच्या सुमारास दुपारी ती सगळ्यात लांब असते. ती कुठवर येईल याचा अंदाज घेऊन तुम्ही खुंट्या ठोकल्यात. खुंट्यांच्या अलीकडे, जिथे 6 तासांहून जास्त ऊन मिळेल, तिथे टोमॅटो, कोबी आणि फ्लॉवर. पलीकडे, जिथे चारेक तासच ऊन, तिथे पालक, मेथी, कोथिंबीर. वाटाण्याचे मांडव उत्तरेच्या कडेला, म्हणजे त्यांची सावली दुसऱ्या पिकावर पडत नाही. आता रोज सकाळी चहा घेताना मी आधी त्या सावलीकडे बघते.

तुम्ही पुठ्ठ्यावर आखून दिलेला कुळांचा तक्ता मी दाराच्या आतल्या बाजूला लावला आहे. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा एका कुळात. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मोहरी आणि मुळा दुसऱ्या. मुळा कोबीचा भाऊबंद आहे हे वाचून घरातले सगळेच चकित झाले. एका कुळातली पिकं त्याच जागी लागोपाठ घेतली की त्यांचे रोग आणि किडी मातीत साठत जातात, म्हणून निदान तीन वर्षं तरी कुळ फिरतं ठेवायचं. गेल्या हंगामात वांगी होती तिथे यंदा टोमॅटो गेला नाही, वाटाणा गेला.

पेरणीच्या वेळचे तुमचे बारकावे तर मी वहीत उतरवून ठेवले आहेत. पालकाचं बी 30 अंशांच्या वर नीट उगवत नाही, म्हणून दुपारचा ताप उतरेपर्यंत ते पाकिटातच राहू दिलं. धने म्हणजे जुळं फळ. हलकेच रगडून दोन भाग केले की दोन्ही बिया मोकळ्या होतात. बिटाची एक ‘बी’ म्हणजे पुष्कळदा बियांचा झुबका असतो, त्यामुळे एका जागी दोन-तीन रोपं आली तर एक ठेवून बाकीची चिमटीनं खुडायची, उपटायची नाहीत, म्हणजे शेजारच्याचं मूळ हलत नाही. गाजराला उगवायला कधी कधी दोन-तीन आठवडे लागतात आणि तेवढे दिवस वरची माती सुकता कामा नये. तुम्ही ओलं गोणपाट अंथरायला सांगितलंत, आणि रोज कडा उचलून बघायलाही, कारण पहिला हिरवा ठिपका दिसला की गोणपाट त्याच दिवशी काढावं लागतं. लसणाच्या पाकळ्या टोक वर ठेवून, 10 सेंटिमीटरवर एक. वाफ्यात त्या आता सरळ ओळीत फुटल्या आहेत.

कोबीच्या कडेनं मोहरीच्या ओळी पेरल्या आहेत, किडीला आधी तिकडे ओढायला. मोहरीवर मावा दिसू लागला आहे, पण कोबी अजून स्वच्छ आहे. जाळीही रोपं लावली त्याच दिवशी घातली, कारण पतंगानं अंडी घातल्यावर जाळी घालून उपयोग नाही, उलट किडीला आत संरक्षण मिळतं, हे तुम्ही बजावलं होतं. सुक्या पाल्याचं आच्छादन सगळीकडे झालं आहे, खोडापासून चार बोटं मोकळी सोडून.

काका, मी तुमच्याकडे आले तेव्हा मला फक्त बी कधी टाकायचं ते विचारायचं होतं. तुम्ही त्या एका प्रश्नासाठी आपल्या सकाळी दिल्यात, गुडघे दुखत असताना वाफ्याच्या कडेला बसलात आणि मी तीच गोष्ट पुन्हा विचारली तरी आवाज चढवला नाहीत. हे सगळं ज्ञान तुमच्याकडे कितीतरी हंगामांच्या कष्टांतून आलं असणार. ते तुम्ही हातचं न राखता दिलंत. याबद्दल तुमचे मनापासून आभार.

येत्या आठवड्यात फ्लॉवरची दुसरी रोपं लावायची आहेत. पाचव्या पानावर आली आहेत, आठवडाभर पाणी थोडं कमी करून आणि उन्हात ठेवून काटक केली आहेत. लागण संध्याकाळीच करणार आहे, रोपांत 45 सेंटिमीटरचं अंतर ठेवून. तक्त्यात उन्हाळी पिकांचा रकाना अजून कोरा आहे. झेंडू निघाल्यावर त्या वाफ्यात काय घ्यावं याचे माझ्या मनात दोन पर्याय आहेत. सवडीनं या, दोन्ही सांगते. निर्णय मी घेईन, पण तुमचं ‘का’ ऐकून.

तुमची शेजारीण