गाडीबद्दलचा लेखी खुलासा

कॉव्हेंट्री, इंग्लंड,
तान्हा पोळा

ती. बाबा व ती. सौ. आई यांना शि. सा. न.

समीरने मारबतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ पाठवला. खाली त्याचा निरोप होता, "बाबा म्हणून राहिले, गाडीचं काय ते लेखी कळव." वेस्टर्न कोलफील्ड्सच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालात तरी तोंडी खुलासा तुम्हाला चालत नाही, हे मला माहीत आहे. शिवाय फोनवर तुम्ही नुसतं "बरं, बरं" म्हणता आणि आईकडे फोन देता. तेव्हा मी घेतलेल्या जुन्या गाडीबद्दल हा घ्या कागद.

तब्येत ठणठणीत आहे. जेवण वेळेवर होतं. ऑफिसचं तुम्हाला ठाऊकच आहे.

समीरने घरात "रेसिंगची गाडी" असं सांगितलंय म्हणे. त्याचे कान उपटा. गाडीचं नाव ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क फोर म्हणजे चौथी आवृत्ती, 1971 सालची. दोनच माणसं बसतात, वर कापडी टप आहे आणि दिसायला ती जमिनीला टेकल्यागत आहे, एवढंच. इंजिन 1296 सीसीचं आणि ताकद 63 हॉर्सपॉवर. समीर ज्या वॅगन आरने ऑफिसला जातो तिची ताकदसुद्धा याहून जास्त आहे. नाव लढाऊ विमानाचं ठेवलंय म्हणून घाबरू नका. नाव ठेवायला काय लागतं?

आणि ही गाडी आपल्याला परकी नाही, हे मला खरं तर आधी सांगायचं होतं. नागपूरच्या महाल भागातल्या घराच्या अंगणात मोठ्या बाबांची स्टँडर्ड हेराल्ड उभी असायची, आठवते? मी पाच-सहा वर्षांची असेन. तोवर ती चालत नव्हती, पण मोठे बाबा पाहुण्यांसमोर तिचं बॉनेट हमखास उघडायचे. ते मडगार्डांसकट, दिव्यांसकट सगळं पुढच्या बाजूला उलटायचं आणि आतलं इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं व्हायचं. ती हेराल्ड मद्रासला बनायची, 1961 पासून. पण तिचं माहेर हे, मी राहते ते गाव. स्टँडर्ड-ट्रायम्फचा मोठा कारखाना इथल्या कॅनली भागात होता. स्पिटफायर तिथेच बनायची, 1962 ते 1980. तिच्याखालची चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, हेराल्डचीच, जरा आखूड केलेली. दोन्हींचा आकार काढणारा माणूसही एकच, इटलीचा मिकेलोत्ती. त्यामुळे माझ्या गाडीचं बॉनेटही तसंच उलटतं. पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी मोठ्याने "मोठे बाबा!" म्हणाले आणि विकणारा माणूस माझ्याकडे बघतच राहिला.

बाबांना आवडेल अशी एक हकीकत सांगते. तोट्यात गेलेली ही कंपनी 1961 साली लेलँडने विकत घेतली. लेलँड म्हणजे आपल्या एसटीच्या बोनेटवर ज्यांचं नाव वाचत आपण रामटेकला जायचो, तेच. त्यांची माणसं कारखान्यात मालाची मोजदाद करायला आली, तर एका कोपऱ्यात धूळ-चादरीखाली झाकलेली एक गाडी सापडली. पैसे नव्हते म्हणून बाजूला टाकून दिलेला नमुना. तीच पुढे स्पिटफायर झाली आणि तीन लाखांहून जास्त विकली गेली. म्हणजे स्टॉक-टेकिंग नीट केल्याने काय होतं बघा. हे तुम्ही आम्हाला लहानपणापासून सांगत आलात.

आता कारखाना नाही. तिथे ऑफिसं आणि दुकानं झालीत.

माझी गाडी एका शेतकऱ्याच्या गोठ्यात कित्येक वर्षं पडून होती. इंजिन जाम, पायाखालचा पत्रा गंजून आरपार आणि सीटमध्ये उंदरांचा संसार. म्हणूनच स्वस्त मिळाली. नाहीतर मी अशा भानगडीत पडलेच नसते. इंजिन जाम म्हणजे संपलं असं नसतं. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल ओतून ठेवलं आणि रोज पाना लावून क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, बोल्टला किंचित हलवून बघत राहिले. एका संध्याकाळी फिरलं. आवाज केवढासा, पण मी भर पार्किंगमध्ये नाचले. शेजारच्यांनी पडदा सारून पाहिलं आणि पुन्हा लावून घेतला.

सगळ्यात आधी तपासली ती क्रँकशाफ्टची पुढे-मागे होणारी हालचाल. या इंजिनाचं दुखणं तिथेच. आत थ्रस्ट वॉशरच्या दोन पातळ चकत्या असतात. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो, तो दाब त्या सोसतात. त्या झिजून खाली पडल्या तर लोखंडावर लोखंड घासतं आणि अख्खा ब्लॉक मोडीत. हालचाल 0.1 ते 0.2 मिलिमीटरच्या आत असायला हवी. माझ्या गाडीची त्याहून बरीच जास्त निघाली. चकत्या बदलल्या. पगाराच्या मानाने क्षुल्लक खर्च. सिग्नलला क्लच दाबून उभं राहायचं नाही, गिअर न्यूट्रल करायचा, हे मोठे बाबा का ओरडून सांगायचे ते मला आता कळलं.

बाबा, तुम्ही समीरजवळ निरोप दिलात, "पुढच्या चाकाला ग्रीस मारायला सांग तिला." नाही मारणार. पुढच्या चाकांच्या खाली पितळेचे ट्रनियन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते सांधे, असतात आणि त्यांना ग्रीस नव्हे, इपी 90 गिअर ऑइल लागतं. ग्रीस आत वाळून बसतं, तेल पोचत नाही, मग आतला दांडा गंजतो आणि एक दिवस चाक आडवं. हे वाचून आई घाबरेल, म्हणून सांगते, दोन्ही बाजूंचे दांडे मी नवे टाकलेत. वळणावर मागची चाकं आत दुमडायचा जुन्या स्पिटफायरचा दोष होता, तो मार्क फोरपासून कंपनीनेच मागचा पाटा बदलून बराच कमी केला. म्हणून मी मार्क फोरच घेतली. मला काही कळत नाही असं समजू नका.

चासी वेगळी आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली, खाटेवर गादी ठेवतात तशी. पण दारांखालचे सिल, म्हणजे पत्र्याच्या पट्ट्या, कुजले की गादीसोबत खाटही वाकते. सिलचं वेल्डिंग मी केलं नाही, आई. ते मिस्तरीकडून करून घेतलं. मी फक्त गंज खरवडला, प्रायमर मारला आणि पत्र्याने एकदा बोट कापून घेतलं. टिटॅनसचं इंजेक्शन घेतलंय. इथलं सगळं इंचातलं, अर्धा इंच, 7/16, 9/16. मिलिमीटरचे पाने घसरतात आणि नटाचे कोपरे खातात. मोठ्या बाबांचा पान्यांचा डबा माळ्यावर असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. ते इंचाचेच असणार.

"पन्नास वर्षांची गाडी रस्त्यावर सोडतेच कोण?" हा तुमचा दुसरा प्रश्न. इथलं सरकार सोडतं. 40 वर्षं उलटली की रोड टॅक्स माफ, आणि गाडीत मोठे बदल केलेले नसतील तर 2018 पासून वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. आपल्या गावचे मंत्री जुन्या गाड्या मोडीत काढायच्या मागे लागलेत आणि इथे उलटं. तरी गाडी रस्त्यावर काढेन तेव्हा मी तपासणी स्वतःहून करून घेणार आहे. सर्टिफिकेटची प्रत तुम्हाला पाठवेन, फाइलला लावा.

आता इथली एक गोष्ट सांगते, जी मला अजून पचलेली नाही. उन्हाळ्यात रविवारी जुन्या गाड्यांचे मेळावे भरतात. एखाद्या पबच्या मागच्या मैदानात, चर्चच्या आवारात, नाहीतर शेतात. तुम्हाला वाटेल शर्यत असेल, मिरवणूक असेल, निदान भाषण तरी. काही नाही. माणसं सकाळी येतात, गवतावर गाड्या ओळीने लावतात, बॉनेट उघडतात, डिक्कीतून घडीच्या खुर्च्या काढतात आणि गाडीच्या मागे जाऊन बसतात. मागे! म्हणजे गाडीचं तोंड येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे आणि मालकाला दिसते फक्त डिक्की. मग दिवसभर बसणं. थर्मासमधला चहा, फॉइलमधलं सँडविच, पायाशी कुत्रा, कुत्र्याला त्याची वेगळी गादी. लोक येतात, हात पाठीमागे बांधून इंजिनात डोकावतात, मान हलवतात, पुढच्या गाडीकडे जातात. हात कोणी लावत नाही. "केवढ्याला घेतली?" कोणी विचारत नाही. "ॲव्हरेज किती देते?" तर नाहीच नाही. विचारलंच तर एवढंच, "तुमच्याकडे कधीपासून आहे?" यावर मालक उठतो, आणि तो उठला की अर्धा तास गेला समजा. पाऊस आला तरी पळापळ नाही. बॉनेट बंद, छत्री उघडी, बसणं चालू. मी आजूबाजूला विचारलं की तुम्ही गाडी चालवत का नाही, तर म्हणाले, चालवतच तर आलो ना. दुपारी कोणीतरी एक जण खुर्ची मिटतो, मग सगळे मिटतात आणि घरी जातात. दिवस गेला, पण नेमकं झालं काय, ते मला सांगता येणार नाही. आणि तरी मी पुढच्या वेळी पुन्हा गेले. माझ्यासाठी खुर्चीही घेतली. स्वस्तातली.

मला तिथे नेणारे शेजारचे आजोबा. तुमच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे असतील. मी त्यांना नावानेच हाक मारते, इथे तसंच चालतं, आई रागावू नकोस. तरुणपणी ते कॅनलीच्या कारखान्यात वायरिंगच्या लाइनवर होते. आता त्यांच्याजवळ स्वतःची हेराल्ड आहे. माझ्या दोन कार्बोरेटरांचा हवेचा मेळ त्यांनी रबरी नळीचं एक टोक कानाला लावून, नुसत्या सुसकाऱ्याच्या आवाजावरून जमवला. कौतुक म्हणून कधी करत नाहीत. काम चुकलं तर चहा टाकायला उठतात, त्यावरून ओळखायचं. त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात असतो. चांगला आहे म्हणतात, फोन करतो.

बाबा, तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी मी गाडीकडे फिरकलेही नव्हते. धंतोलीहून समीरचा मेसेज येईपर्यंत फोन हातातच होता. "तिला गाडीला वेळ आहे" असं तुम्ही कोणाजवळ तरी म्हणालात, ते माझ्यापर्यंत आलं. रविवारचाच वेळ जातो आणि रविवारी ऑफिस नसतं. मी इथे नुसती झोपून राहिले असते तर कोणी काही म्हटलं नसतं.

पैशाचं. घराच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला जातो, तो कधी चुकला नाही आणि चुकणार नाही. एफडी मोडलेली नाही. गाडीचं खातं वेगळं आहे आणि वहीत एकेका नटाची नोंद आहे, तुम्ही शिकवलंत तशी तारीखवार. बेरीज तेवढी अजून मारलेली नाही. मंगल कार्यालयाचा ॲडव्हान्स काल पाठवला. समीरला पावती घ्यायला सांगा. केटररचे पैसेही मीच देणार, त्यावरून मामांशी वाद घालू नका.

दिवाळीला येणं जमत नाही. समीरच्या लग्नाला फेब्रुवारीत यायचं म्हणजे सुट्टी तेव्हासाठी राखून ठेवावी लागते, दोन्ही नाही मिळत. गाडीचा त्याच्याशी काही संबंध नाही. तिकीट तेव्हाचं काढलंय, चांगले तीन आठवडे राहीन. आई, चिवडा-चकल्या पार्सल करू नकोस. पोस्टाचाच खर्च जास्त होतो. केलेसच तर शेव थोडी तिखट कर.

आणि "मोठीचं व्हायच्या आधी धाकट्याचं काहून?" असं मोठी आई विचारते, तर तिला सांग, मीच सांगितलंय म्हणून. समीरने माझ्यासाठी थांबायचं काही कारण नाही. पोरगी चांगली आहे, तिच्या घरच्यांनाही किती ताटकळत ठेवायचं?

यवतमाळच्या स्थळाचं तू दर फोनवर विचारतेस. तो लेस्टरला असतो, इथून जवळच. त्याचा फोन आला होता. बोलणं बरं आहे, उगाच मोठेपणा नाही. गाडीचं मीच सांगून टाकलं, मागाहून बोलणी नकोत. त्याने विचारलं, "किती जण बसतात?" मी म्हटलं, दोन. तर काही बोललाच नाही, मग म्हणाला, "एखाद्या रविवारी बघायला येऊ का?" या म्हटलं. एवढंच झालंय. यावरून त्याच्या आत्याला फोन करू नकोस, पत्रिका काढायला तर मुळीच नको. तो आला की मी तुला सांगेन.

बाबा, डोळ्यात थेंब वेळेवर टाका आणि डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत स्कूटर काढू नका.

तुमची,
मनू

ता. क. नव्या सूनबाईला अंगठी माझ्याकडून. बोटाचं माप समीरने अजून कळवलेलं नाही, त्याला विचारा.