परवाना दिला, पण जोडणीचे काय?

संपादक महोदय,

दूरसंचार सुधारणांचा विषय निघाला की चर्चा स्पेक्ट्रमच्या लिलावाभोवती आणि कॉलच्या दराभोवतीच फिरत राहते. विकसनशील देशांत तर खासगी कंपन्यांना परवाने वाटले की सुधारणा पार पडली, असाच समज रूढ आहे. माझी बावीस वर्षे टेलिफोन एक्सचेंजच्या जंक्शन विभागात गेली. दोन कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडणे, म्हणजेच इंटरकनेक्शन, या कामाकडे कुणाचे लक्ष नसते, हे मला सतत खटकते. खरी अडवणूक तिथेच होते.

दोन कंपन्यांची जाळी जोडणाऱ्या एका ई-वन लाइनवर एका वेळी तीसच संभाषणे चालतात. नव्या कंपनीचे ग्राहक वाढतात, ती जादा लाइन मागते, आणि जुन्या कंपनीकडून उत्तर जाते, ‘पोर्ट (म्हणजे लाइन जोडायच्या जागा) शिल्लक नाहीत’. मी होते तिथे असा एक अर्ज पाच महिने फायलीत पडून होता. त्याच मजल्यावर, रॅकमध्ये, पोर्टची न वापरलेली कार्डे मी रोज बघत होते. संध्याकाळच्या गर्दीत एकतिसावा कॉल लागायचा नाही. ‘या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत’ एवढेच ग्राहकाच्या कानावर पडायचे आणि तो बोल लावायचा नव्या कंपनीला. अशाने गिऱ्हाईक टिकत नाही. तो अर्ज पुढे सरकावा म्हणून मी वरिष्ठांकडे पुरेसा आग्रह धरला नाही, याची टोचणी मला अजून आहे.

हा धोका कुणाला ठाऊक नव्हता असे नाही. १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत मूलभूत दूरसंचार सेवांबाबत सहमती झाली, तेव्हाच्या संदर्भपत्रात बड्या कंपनीने तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल त्या ठिकाणी, खर्चावर आधारित दराने जोडणी द्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. पण द्यायला लावणार कोण? मेक्सिकोत टेलमेक्स ही सरकारी टेलिफोन कंपनी १९९० मध्ये खासगी झाली आणि सरकारी मक्तेदारी खासगी हातात गेली, इतकेच. २०१३ मध्ये घटनादुरुस्ती करून स्वायत्त नियामक आला. त्याने पुढच्याच वर्षी बड्या कंपनीवर कडक बंधने घातली आणि २०१५ पासून देशांतर्गत लांब पल्ल्याच्या कॉलचे वेगळे शुल्क बंद झाले. तोच नियामक २०२४ च्या घटनादुरुस्तीने मोडीत काढला गेला. जे उभारायला घटना बदलावी लागली, ते अकरा वर्षेच टिकले, याचे मला फार वाईट वाटते.

आपल्याकडचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. नव्या कंपनीला पुरेशी जोडणी दिली नाही म्हणून तीन जुन्या कंपन्यांना मिळून ३,०५० कोटी रुपये दंड करावा, असे ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, ऑक्टोबर २०१६ मध्ये सुचवले. कंपन्यांनी आरोप नाकारले. त्यांचे म्हणणे खरे की ट्रायचे, हा वाद बाजूला ठेवू. ट्रायला तो दंड स्वतः करता येत नव्हता, फक्त शिफारस करता येत होती, आणि सरकारकडून प्रत्यक्ष मागणी निघायला २०२१ उजाडले. पाच वर्षांत बाजाराचा चेहराच बदलला. एव्हाना दंड वसूल झाला तरी ज्यांचे कॉल लागले नाहीत, त्यांना त्याचा काय उपयोग?

म्हणून जिथे जिथे नवा दूरसंचार कायदा लिहिला जातो, तिथे जोडणीच्या अर्जाला उत्तर देण्याची मुदत कायद्यातच घालावी. मुदत टळली तर दंड करण्याचा अधिकार थेट नियामकाला असावा आणि त्याच्या खर्चाचा पैसा मंत्रालयाच्या मर्जीवर नसावा. किती पोर्ट मागितले, किती दिले आणि किती दिवसांनी दिले, हे दर महिन्याला कंपनीनिहाय जाहीर व्हावे. लिलावातून किती कोटी आले, हे आपण पहिल्या पानावर छापता. त्या बातमीशेजारी हे आकडेही मागावेत आणि छापावेत, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त दूरसंचार अभियंता