मनूला, सही करण्याआधी

प्रिय मनू,

काल फोन ठेवताना तू म्हणालीस, "सोमवारी सही करून टाकते, मग राजीनामा. पुढचं त्यांचं ते बघतील." राजीनाम्याचं तुझं तू ठरव, मी मध्ये पडणार नाही. पण तुमच्या विमा कंपनीचा तो ग्राहकांना उत्तरं देणारा एआय बॉट चाचणीत पास झाला म्हणणारी ती सही करू नकोस. खरं तर एवढंच लिहायचं होतं.

तुझा वैताग कळतो गं. क्लेमची फाइल कधी उघडून न पाहिलेला साहेब बोर्डापुढे 'एआय-फर्स्ट'ची स्लाइड लावतो, आणि काय सुधारायचंय हे ठरायच्या आत व्हेंडर ठरलेला असतो. कुणी किती एआय वापरलं याची दर आठवड्याला यादी लागली की लोक यादीसाठी वापरणारच. डेमोत बॉट झकास बोलतो, कारण प्रश्न व्हेंडरनेच निवडलेले असतात.

मराठी परिपत्रकांवर बॉट काहीही बरळतो म्हणालीस, ते बॉटमागचं एआय मॉडेल बदलून सुटणार नाही. जुनी परिपत्रकं युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांच्या, आधीच्या फॉन्टमध्ये असतील. पीडीएफ डोळ्यांना नीट दिसते, पण मजकूर बाहेर काढला की नुसता कचरा. तिथे आधी कन्व्हर्टर लागतो, स्कॅन असेल तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर, आणि शेवटी माणसाची नजर. तक्त्यांचं वेगळंच दुखणं. बॉटला शोधता यावं म्हणून कागदांचे तुकडे पाडताना शीर्षकाची ओळ एका तुकड्यात जाते आणि आकडे दुसऱ्यात, मग खोलीभाड्याची मर्यादा विचारली की भलत्याच योजनेचा आकडा येतो, तोही ठासून. प्रत्येक तुकड्याला योजनेचं नाव, लागू झाल्याची तारीख आणि शीर्षकाची ओळ चिकटवून घ्या. रद्द झालेली परिपत्रकं बॉट जिथे शोधतो त्या इंडेक्समधून हाताने काढावी लागतात. आपण रद्द झालोय हे जुन्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं, ते असतं नव्यावर.

बघ, लागले शिकवायला. तुला हे येतं. बापूकाकांच्या दुकानाची खतावणी टॅलीत चढवताना व्हॅटचा फरक तू शोधलास, तेव्हा दहावीची सुट्टी चालू होती तुझी. काका गल्लीभर सांगत फिरले होते. आजी म्हणाली, पोरीची नजर माझ्यावर गेलीय. असो.

सहीचं सांगत होते. फेब्रुवारी 2024 मध्ये कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने एअर कॅनडाविरुद्ध निकाल दिला. घरात मृत्यू झाल्यावर मिळणाऱ्या भाडेसवलतीबद्दल चॅटबॉटने प्रवाशाला चुकीचं सांगितलं होतं. बॉट स्वतःच्या वागण्याला स्वतः जबाबदार आहे, असा कंपनीचा पवित्रा. तो टिकला नाही. व्याज आणि फी धरून रक्कम जेमतेम 812 कॅनेडियन डॉलर होती. तुमच्याकडे बॉटने ऑपरेशनला चुकून 'हो' म्हटलं तर प्रकरण लाखांत जाईल. बाहेर उत्तर कंपनी देईल, पण आत 'यूएटी (वापरात आणण्याआधीची शेवटची चाचणी) कुणी पास केलं' म्हणून फाइल उघडतील, आणि तिथे साहेबांचं नाव नसेल.

म्हणून कॉल सेंटरच्या नोंदींतून दोनशेक खरे प्रश्न काढ, ग्राहकांची नावं आणि नंबर पुसून. लोक बोलतात तसेच ठेव, अर्धं मराठी अर्धं इंग्रजी. वीसेक प्रश्न असे घाल की ज्यांचं उत्तर कागदांत नाहीच. तिथे बॉटने 'माहिती नाही' म्हणायला हवं. बरोबर उत्तरं क्लेम्समधल्या जुन्या माणसाकडून लिहून घे, बॉटला दाखवायच्या आधी. आणि दोन रकाने वेगळे ठेव: योग्य तुकडा सापडला का, आणि सापडूनही उत्तर चुकलं का. पहिल्यात घोळ असेल तर कागद आणि शोध दुरुस्त करायचे, दुसऱ्यात असेल तर प्रॉम्प्ट, म्हणजे बॉटला दिलेल्या सूचना, किंवा मॉडेल. हे वेगळं केलं नाही तर व्हेंडर महागडं मॉडेल गळ्यात मारतो.

तो तक्ता साहेबांच्या आधी क्लेम्सच्या प्रमुखांना दाखव. चुकीचे पैसे त्यांच्या खात्यातून जाणार आहेत. सही करावीच लागली तर सशर्त कर: 'सोबतच्या चुका सुटेपर्यंत फक्त कर्मचाऱ्यांच्या वापरासाठी'. साहेब नाही म्हणाले तर त्यांनीच सही करावी. तोंडी जे बोलणं होईल ते त्याच संध्याकाळी मेलवर टाक, चार ओळींत, राग न दाखवता. राग न दाखवणं तुला जमत नाही, माझ्यावर गेलीयस. रागावू नकोस हं, फार बोलले.

तुझ्या ग्रुप पॉलिसीत माझं नाव आहे म्हणून हे सगळं लिहितेय, असं मनात आणू नकोस. गुडघ्याचं पुढच्या वर्षी बघता येईल. सोडायचीच असेल तर सोड, नोटीसचे नव्वद दिवस आणि ग्रॅच्युइटीची पाच वर्षं तेवढी मोजून घे. दादाला इतक्यात सांगू नकोस, तो लगेच बंगलोरला ये म्हणेल. जेवतेस ना वेळेवर? काल आवाज बसलेला वाटला.

आणि चाचणीचे लॉग स्वतःच्या जीमेलवर पाठवू नकोस. नोटीसच्या काळात एचआरला तेवढं निमित्त पुरतं.

तुझी,
आई