सभेचा पत्ता पुरेसा नसतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मद्यपाश आणि त्यावरील उपचार यांविषयी आपण नुकत्याच छापलेल्या लेखाच्या शेवटी ‘रुग्णाने स्वमदत गटाच्या सभांना नियमित जावे’ असे एक वाक्य होते. सल्ला योग्यच आहे; परंतु ज्याला जायचे आहे त्याची अडचण त्या वाक्यानंतर सुरू होते आणि तिच्याविषयी सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मला रुग्णालयातून घरी सोडताना समुपदेशकांनी एका चिठ्ठीवर दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत संघटनेच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या एका सभेचा पत्ता आणि वेळ लिहून दिली. ती सभा कोणत्या प्रकारची आहे हे चिठ्ठीत नव्हते आणि विचारायचे मलाही सुचले नाही. पत्नीसह गेलो, तर दारातच एका गृहस्थांनी सौजन्याने सांगितले की ही बंद सभा आहे, आत फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे तेच बसतात. पत्नी जिन्यात थांबली. आत दहा-बारा मंडळी, दारूमुक्तीसाठी ही संघटना सांगते त्या बारा पायऱ्यांपैकी चौथ्या पायरीवर, म्हणजे स्वतःच्या वागण्याचा निर्भीडपणे हिशेब मांडण्यावर, बोलत होती. प्रत्येकाच्या मांडीवर वही होती. माझ्या बोटांचा कंप अजून पुरता गेला नव्हता, त्यामुळे दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून मी दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिलो आणि एक अक्षर न बोलता परतलो. ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असा निकाल मी त्याच रात्री लावला आणि पुढचे आठ महिने पुन्हा प्यायलो.

दोष त्या मंडळींचा मुळीच नव्हता. ती जुन्या सभासदांची अभ्यास-सभा होती. मला नवख्यांची सभा हवी होती आणि पत्नीला सोबत न्यायचे तर खुली सभा, जिथे नातेवाईक किंवा केवळ माहिती घेऊ इच्छिणारेही बसू शकतात. १९३५ मध्ये बिल विल्सन हे शेअर व्यवहारातले गृहस्थ आणि बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक, दोघेही मद्यपी, अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे एकमेकांशी बोलू लागले आणि त्यातून ही चळवळ उभी राहिली. बारा पायऱ्या १९३९ मध्ये छापल्या गेल्या. पायऱ्या सगळीकडे त्याच असल्या, तरी प्रत्येक गट आपला कारभार स्वतः पाहतो, त्यामुळे एका गटात एकच वक्ता आपली कहाणी सांगतो, दुसऱ्यात सगळे आळीपाळीने बोलतात, तिसरा केवळ स्त्रियांचा असतो, तर चौथा ऑनलाइन भरतो. एका सभेवरून सगळ्यांची परीक्षा करणे म्हणजे एका शिक्षकावरून शाळाच सोडून देण्यासारखे आहे. मी नेमके तेच केले.

या पायऱ्यांमधील ईश्वराच्या उल्लेखाने अनेकजण बिचकतात. मी स्वतः श्रद्धाळू नाही. ‘आपल्याला उमगलेला ईश्वर’ या शब्दांच्या जागी पहिले वर्षभर मी मनातल्या मनात ‘हा गट’ असे वाचत असे आणि त्याला कोणी हरकत घेतली नाही. तरीही ज्याला ते पटणारच नाही, त्याच्यासाठी विचार आणि वर्तन बदलण्याच्या तंत्रांवर आधारलेली स्मार्ट रिकव्हरी १९९४ पासून आहे, आणि स्त्रियांसाठी जीन किर्कपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये सुरू केलेली विमेन फॉर सोब्रायटी आहे.

गट पारखताना मी आता एवढेच पाहतो की सभा संपल्यावर नवख्या माणसाशी कोणी आपणहून बोलते का, आणि बोलणे आजच्या दिवसाचे आहे की जुन्या पिण्याच्या पराक्रमांचे. उसने पैसे मागणारा किंवा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करायला सांगणारा भेटला, तर त्याच्यापासून दूर राहावे; सभासदाने डॉक्टर होऊ नये, अशीच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचीही भूमिका आहे. शिवाय रोज भरपूर पिणाऱ्याने सभेच्या भरवशावर दारू एकाएकी तोडू नये. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, त्यानंतर वातभ्रमाची, म्हणजे भान हरपून भास होण्याची, अवस्थाही येऊ शकते आणि ती जिवावर बेतते; तेव्हा आधी डॉक्टर, मग सभा.

२०२० मध्ये वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासली. रुग्णाला पद्धतशीरपणे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांशी जोडून देणारे उपचार अखंड मद्यमुक्तीच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरतात, असे त्यातून दिसले. यातला ‘जोडून देणारे’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. जोडून देणे म्हणजे सभा कशी असते हे आधी समजावणे, शक्य तर तिथल्या एखाद्या सभासदाशी फोनवर गाठ घालून देणे आणि पुढच्या भेटीत ‘गेला होतात का, कसे वाटले?’ असे विचारणे. माझ्या हाती मात्र चिठ्ठी होती.

म्हणून आपणास विनंती आहे की यापुढे अशा लेखासोबत पत्ते छापाल, तेव्हा प्रत्येक सभा खुली की बंद, नवख्यांची की अभ्यासाची, आणि कोणत्या भाषेत चालते हेही छापावे. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन हा स्वतंत्र गट १९५१ पासून आहे, हे त्या संध्याकाळी तास-दीड तास जिन्यात बसून राहिलेल्या माझ्या पत्नीला कोणी सांगितले नव्हते. त्याच्या सभांचे पत्तेही त्याच यादीत द्यावेत.

आपला,
एक वाचक
(विषयाच्या स्वरूपामुळे नाव छापू नये, ही विनंती.)