तुम्ही येण्याआधी, शेराविषयी

कोथरूड, पुणे

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तुम्ही दोघे तीन महिने इथे राहणार हे ठरल्यापासून मला फार आनंद झाला आहे, पण परवा फोनवर आई जे म्हणाली ते मनातून जात नाही: "एवढं मोठं जनावर घरात, आणि ह्यांचा तोल हा असा." आई, तुझी भीती रास्त आहे. शेरा कुत्रा असला तरी त्याचे वजन ३८ किलो आहे आणि त्याने लाडाने अंग घासले तरी धडधाकट माणूस एक पाऊल मागे सरतो. म्हणूनच गेल्या दोन वर्षांत त्याच्याविषयी मला जे उमगले, ते तुम्ही येण्याआधी लिहून कळवते आहे.

बाबा, तुम्ही ज्याला अल्सेशियन म्हणता, तोच हा जर्मन शेफर्ड. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांना जर्मन नाव नकोसे झाले आणि त्यांनी ते बदलले. ब्रिटनमध्ये जुने नाव पुन्हा रूढ व्हायला १९७७ साल उजाडावे लागले. पोलिसांकडे पाहून आपण त्याला चोर पकडणारा कुत्रा समजतो, पण त्याची जडणघडण मेंढपाळांकडे झाली. १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानिट्झ या घोडदळातल्या माजी अधिकाऱ्याने अशाच एका कुत्र्यापासून या जातीची नोंद सुरू केली. तिकडे जर्मनीत कुंपण नसलेल्या पिकांच्या मधल्या पट्ट्यात मेंढरे चरत, आणि हा कुत्रा दिवसभर बांधाच्या कडेने येरझाऱ्या घालून एकाही मेंढराला पिकात तोंड घालू देत नसे. आपल्या शेतात धनगर मेंढरे बसवायला येत, तेव्हा तुम्ही बांधावर उभे राहत होता ते आठवा. ते काम हा चार पायांवर, न थकता करीत असे.

हे मला आधी कळायला हवे होते. पहिल्या वर्षी मी त्याला पोटभर खाऊ घातले, मऊ अंथरूण दिले, जीव लावला आणि नऊ-नऊ तास एकटे ठेवून कामावर गेले. एका संध्याकाळी घरी आले तर त्याने दाराच्या चौकटीचे लाकूड कुरतडले होते आणि हिरड्यांतून रक्त येत होते. मी त्याच्यावर ओरडले, आणि तो कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. डॉक्टरांनी तपासून सांगितले की कुत्र्याला काही झालेले नाही, त्याला काम नाही. त्या दिवसापासून पहाटे साडेपाचला आम्ही वेताळ टेकडीवर जातो, दुपारी एक मुलगा येऊन त्याला फिरवतो, आणि रात्री मी घरात रुमाल लपवते, तो हुंगत-हुंगत शोधून आणतो. महिन्याभरात चौकटीकडे त्याने पुन्हा पाहिले नाही.

आता तो जिथून स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली दोन्ही दिसतात, नेमका त्याच उंबरठ्यावर पसरतो. दिवाळीत दादाची मुले एक गच्चीत आणि एक आतल्या खोलीत गेली, तर हा उठून आधी एकीच्या कोपराला नाक लावून आला, मग दुसऱ्याच्या, आणि दोघे एका ठिकाणी बसेपर्यंत त्याने बूड टेकवले नाही. बाबा, तुमच्या बाबतीत मला याचीच काळजी आहे, कारण गुडघ्यामागे नाक लावून तो तुम्हालाही आईच्या शेजारी नेऊन बसवू पाहील. पहिले काही दिवस तुम्ही वॉकर घेऊन उठाल तेव्हा तो पट्ट्याने बांधलेला असेल. पुढे तुम्ही खालच्या पट्टीत, एकदाच, "जागेवर" म्हणायचे. पुन्हापुन्हा म्हटले की तो शब्द त्याच्यापुरता संपतो.

आई, तुला एक विनंती आहे आणि ती तुला जड जाईल. ताटातले काही त्याला घालू नकोस. बेदाण्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, कांद्याने रक्त बिघडते, म्हणजे तुझा शिरा आणि आमटी दोन्ही वर्ज्य. नुसती पोळीही नको, कारण या जातीचे खुबे मुळात कच्चे असतात आणि वाढलेले वजन थेट त्यांच्यावर येते. देवघरात तो पाऊल टाकत नाही, ते मी शिकवले आहे. खंडोबाच्या आपल्या तसबिरीत घोड्याच्या पायाशी कुत्रा आहे, हे तुला मी सांगायला नको. केस मात्र घरभर होतील, त्यावर झाडूखेरीज उपाय नाही.

दादा येत्या रविवारी पुण्याला येणार आहे. त्याच्याजवळ बाबांचा अंगावरचा न धुतलेला सदरा आणि तुझे वापरातले एक पातळ दे. मी ते शेराच्या अंथरुणाशेजारी ठेवीन, म्हणजे तुम्ही दारात याल तेव्हा तुमचा वास त्याच्या ओळखीचा झालेला असेल.

कळावे,
तुमची लेक